ऑपरेटरांची अकरा रजिस्टरं

नऊनंतर दहा येत नाही, ए येतो. मग बी, सी, डी, ई, एफ, आणि त्यानंतर दहा. संगणकाची ही मोजणी मला पुस्तकातून ठाऊक होती, मी फिजिक्सचा एम.एस्सी. पण भाजीवाल्याने जुड्या मोजाव्यात तशी ती बोटांवर मोजणारा माणूस मला लातुरात भेटला. वय विचारलं की ते म्हणायचे, "दोन-सहा चालू हाय." विचारणाऱ्याला सव्वीस वाटायचे आणि तो त्यांच्या पांढऱ्या कानशिलांकडे बघत राहायचा. दोन-सहा म्हणजे अडतीस, हे सांगायची तसदी ते कधी घेत नसत.

क्लासमध्ये सगळे त्यांना ऑपरेटर म्हणायचे. प्रश्नपत्रिका टाइप करणं, प्रूफ काढणं, झेरॉक्सला देणं, निकाल लावणं हे त्यांचं काम. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. ज्याच्याकडे चार खोल्या रिकाम्या त्याने होस्टेल काढलेलं, ज्याची बायको स्वयंपाकाला बरी त्याने मेस. मी नांदेडचा. वडील शाळामास्तर, आणि सरकारी नोकरीची वाट बघण्यापेक्षा हे बरं म्हणून लातूरला आलो. आमच्या डायरेक्टर सरांचं गाव रेणापूरकडचं. शेतीतून शिकून वर आलेला माणूस. क्लासची तीन मजली इमारत त्यांनी उभी केली होती, आणि तिच्या मागे, बांधकामाच्या वेळी सिमेंट ठेवायला घातलेली पत्र्याची एक खोली होती. ऑपरेटर त्या पत्र्याखाली बसत.

वर त्यांच्यासाठी चांगली खोली होती, कूलर होता. गेले नाहीत. "स्लॅबखाली बसत न्हाई मी," एवढंच म्हणाले. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की कीबोर्डची बटणं बोटांना चटके द्यायची. ते ओला रुमाल मानेला लावून टाइप करत बसायचे. पगाराच्या दिवशी वर केबिनमध्ये जाऊन सही करावी लागे, तर त्यासाठीही जायचे नाहीत. शिपाई रजिस्टर घेऊन जिन्याखाली यायचा. कधी नाइलाजाने इमारतीत शिरलेच तर दाराच्या चौकटीत उभे राहून बोलायचे, एक पाय बाहेर.

शिपायाने मला सांगितलं, त्यांचं औशाकडचं गाव भूकंपात गेलं. घरातली चार माणसं. ते त्या वेळी गोलाई चौकाजवळच्या एका दुकानात व्हिडिओ गेम दुरुस्त करायचे, गणपतीत काम जास्त म्हणून लातुरातच राहिले होते, म्हणून वाचले. त्यांच्याकडून मी हे कधी ऐकलं नाही. क्लासमधल्या निम्म्या लोकांचं कुणी ना कुणी त्यात गेलं होतं. कुणी कुणाला खोदून विचारत नसे.

आमची ओळख माझ्या चुकीवरून झाली. मी नवीन होतो, पहिलाच पेपर काढला होता, आणि त्यात ध्वनीचा एक प्रश्न होता. दोन नादकाटे एकत्र वाजवले तर सेकंदाला किती ठोके ऐकू येतील. माझ्या उत्तरसूचीत चार होतं. ऑपरेटर स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर, हे चार न्हाई. सहा येतात."

दहावी झालेल्या टायपिस्टने मला फिजिक्स सांगावं हे मला रुचलं नाही. मी म्हणालो, "गणित करून बघितलं का तुम्ही?"

"गणित न्हाई केलं. वाजवून बघितलं."

मला ते पत्र्याच्या खोलीत घेऊन गेले. संगणकावर काळ्या पडद्याचं एक जुनाट सॉफ्टवेअर उघडं होतं. त्यात त्यांनी माझे दोन आकडे बसवले आणि स्पीकरमधून एक किनरा, कानात टोचणारा आवाज निघाला. तो वरखाली हेलकावत होता. त्यांनी टेबलावर बोटाने ठोके मोजले. सहा. मी वजाबाकी चुकलो होतो.

"कुणाला सांगत न्हाई," ते म्हणाले. खरंच कुणाला सांगितलं नाही. पेपर दुरुस्त होऊन आला, तेव्हा माझ्या बाकीच्या प्रश्नांतले निम्मे शब्दही गायब होते. मी लिहायचो, "एका विशिष्ट उंचीवरून एक दगड खाली सोडण्यात आला असता." ते करायचे, "दगड उंचीवरून सोडला." मी भांडायला गेलो तर म्हणाले, "जागा कमी हाय सर. कमी जागेत बसलं तेच खरं."

जागा कमी हाय, हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. मला वाटायचं ते कागदाबद्दल बोलतात. पुढे कळलं की ती सवय त्या काळ्या पडद्याची होती.

टीव्हीला जोडायचे ते स्वस्तातले व्हिडिओ गेम आठवत असतील, कॅसेट खोचायचे. त्यांच्या पोटात आवाज काढणारी एक चिप असते. तिला पाचच आवाज येतात. दोन पिपाणीसारखे, एक जाड, घुमणारा, एक नुसता फस्स करणारा आणि पाचवा कुठलातरी छोटासा रेकॉर्ड केलेला तुकडा वाजवणारा. यापलीकडे काही नाही. ऑपरेटरांनी दुकानात असताना अशी शेकडो यंत्रं उघडून बसवली होती आणि ते त्या चिपेच्या नादाला लागले होते. ते सॉफ्टवेअर, त्याला ट्रॅकर म्हणतात, त्यांनी एका सायबर कॅफेवाल्याकडून फ्लॉपीत आणलं होतं. त्यात पेटीसारख्या पट्ट्या नसतात. पडद्यावर पाच रकाने असतात, प्रत्येक आवाजाला एक. रकान्यात वरून खाली ओळी. प्रत्येक ओळीत लिहायचं, कुठला सूर, कितवं वाद्य, किती मोठ्याने. सी-चार, शून्य-एक, एफ. अशा चौसष्ट ओळी झाल्या की एक पान, आणि ओळींचे नंबर त्यांच्या त्या नऊनंतर ए वाल्या मोजणीत. बटण दाबलं की ओळी भराभर वर सरकतात आणि गाणं वाजतं.

"तीन सूर एकदम लावायचे तर आवाज कुठून आणायचे?" मी एकदा विचारलं.

"एकालाच तिघांच्या घरी पळवायचं," ते म्हणाले. "इतकं भराभर, की कानाला वाटतं तिघं मिळून गाऊन राहिले. कान भोळा असतो सर."

फस्स करणाऱ्या आवाजावर त्यांचा सगळ्यात जीव. त्यातून ते वाटेल ते काढायचे. पत्र्यावरचा पाऊस काढला, कुकरची शिट्टी काढली. एकदा म्हणाले ओळखा, आणि मला ओळखू येईना. खळ्यावर ज्वारी उफणतानाचा आवाज होता तो. मी शहरातला. त्यांनी सांगितल्यावर ऐकू आला.

क्लासच्या कामाच्या वेळात ते हे कधीच करत नसत. रविवारी दुपारी परीक्षा संपल्या की दोन तास संगणक मोकळा असे, तेवढाच. म्हणून आठवडाभर ते आधी हाताने लिहून ठेवायचे. जाडजूड, लांबट रजिस्टरं होती त्यांच्याकडे, पाच रकाने आखलेली, बारीक अक्षरांनी भरलेली. रविवारी मला नांदेडला जायचं नसलं की मी त्यांच्या खोलीत जाऊन बसायचो. मी रजिस्टरातून वाचायचो, ते टाइप करायचे. "ई-तीन, शून्य-दोन, ए." "घेतलं." "रिकामी, रिकामी, जी-तीन." "घेतलं." दीड वर्ष असं चाललं. पुढे पुढे तर मला वाचतानाच पुढचा सूर कळायला लागला. एकदा मी म्हणालो, "इथे एफ-शार्प पाहिजे होता का?" त्यांनी वाजवून बघितलं, मान हलवली आणि पेन्सिलीने रजिस्टरात दुरुस्ती केली. त्या दिवशी मला जो आनंद झाला तसा नोकरीत कधी झाला नव्हता.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. मला ती रजिस्टरं वाचता येत होती.

अकरा रजिस्टरं झाली होती. मी विचारलं, हे सगळं कशाचं आहे? म्हणाले, एका गेमचं. कुठल्या गेमचं? गेम नव्हताच. फक्त त्याचं संगीत होतं.

"यात मारायचं कुणाला?"

"मारायचं कुणालाच न्हाई. वेशीतून आत शिरायचं आणि घरापर्यंत चालत जायचं."

"मग जिंकायचं कसं?"

त्यांना तो प्रश्न बावळट वाटला असावा. "पोचलं की झालं की," ते म्हणाले.

एकेका रजिस्टरात एकेक गल्ली होती. मारुतीच्या पाराजवळ जाड आवाज सुरू व्हायचा, सुताराच्या घराशी ठोके यायचे, एका ठिकाणी सगळे आवाज थांबून फक्त फस्स राहायचं आणि तिथे काय आहे हे त्यांनी मला सांगितलं नाही. दहा गल्ल्या झाल्या होत्या, अकरावी, म्हणजे त्यांच्या घराची, निम्म्यावर आली होती.

माझी मोठी बहीण कंधारला दिली होती. तिची मुलगी बारावीला लातुरात आली, आमच्याच क्लासमध्ये, आणि जवळच्या होस्टेलवर राहिली. हुशार होती, पण घाबरट. आमच्याकडे एक स्पेशल बॅच असायची. चाळणी परीक्षा घेऊन त्यातली वरची चाळीस मुलं निवडायचे आणि त्यांच्यावर सगळे सर जीव टाकायचे. त्या बॅचमधली मुलं मेडिकलला लागायची. बाकीची लागलीच तर नशीब. ताई दर दोन दिवसांनी फोन करायची. "तू तिथं सर हाईस," ती म्हणायची, "आणि पोरगी बाहेर राहिली तर मी हितं लोकाला काय तोंड दाखवू?"

चाळणीच्या आदल्या शनिवारी दुपारी मी ऑपरेटरांच्या खोलीत गेलो. माझा पेपर माझ्याकडे होताच, केमिस्ट्री आणि बायोलॉजीची पहिली प्रूफं टेबलावर गठ्ठ्यात होती. ते म्हणाले, "बसा सर, चहा आणतो." चहा नेहमी ते स्वतः जाऊन आणायचे, टपरीवाला साखर जास्त टाकतो आणि मला कमी लागते म्हणून, उभं राहून करून घ्यायचे. ते गेले. मी गठ्ठ्यातला एक संच काढून घडी घालून पिशवीत टाकला. ते आले, मी चहा प्यालो, इकडचं तिकडचं बोललो आणि निघालो.

भाचीला मी म्हणालो, यातले प्रश्न नुसते नजरेखालून घाल, आणि फाडून टाक. तिने फाडलं नाही. खोलीतल्या मैत्रिणीने बघितलं, तिने दुसरीला दिलं, आणि रविवार उजाडेपर्यंत त्याची झेरॉक्स होस्टेलमध्ये फिरली.

निकालात ते उघडकीला आलं. केमिस्ट्रीच्या पहिल्या प्रुफात एका प्रश्नातला आकडा चुकला होता, त्यामुळे त्याचं उत्तर सी येत होतं. ऑपरेटरांनीच ती चूक पकडली, केमिस्ट्रीच्या सरांना सांगितली आणि शेवटच्या पेपरात आकडा दुरुस्त केला. मग उत्तर बी झालं. एकाच होस्टेलच्या सहा मुलींनी सी लिहिलं होतं. प्रश्न न वाचता पाठ केलेलं उत्तर लिहून टाकलं होतं त्यांनी. म्हणजे फुटलं ते पहिलं प्रूफ, आणि पहिलं प्रूफ पत्र्याच्या खोलीबाहेर कुठेच गेलं नव्हतं.

माझ्या भाचीने तिथे बी लिहिलं होतं. तिने प्रश्न वाचला, सोडवला आणि बरोबर उत्तर काढलं. तिला त्या कागदाची गरजच नव्हती. तिच्यावर संशय यायचा प्रश्न आला नाही. मुलींना विचारलं तर म्हणाल्या, होस्टेलमध्ये फिरत होता, कुणी आणला माहीत नाही.

डायरेक्टर सरांनी ऑपरेटरांच्या खोलीची झडती घेतली आणि रजिस्टरं वर आणली. आम्हाला सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. दुसरा मजला. ऑपरेटर पहिल्यांदाच वर आले. दाराच्या चौकटीत उभे राहिले, हाताने चौकट धरून.

टेबलावर अकरा रजिस्टरांची चळत होती. डायरेक्टर सरांनी एक उघडून आमच्याकडे फिरवलं. "हे बघा. ए, सी, डी, बी, सी. प्रत्येकाला नंबर. नवानंतर दहा लिहिलेलं न्हाई, ए लिहिलंय. साधा माणूस असं लिहितो का? हा कोड हाय. किती वर्षांपासून उत्तरं इकून राहिला हा, देव जाणे."

केमिस्ट्रीचे सर म्हणाले, "पण ई, एफ, जीसुद्धा आहेत यात. पर्याय तर चारच असतात."

"ते फसवायला."

ऑपरेटर म्हणाले, "सर, ते गाणं हाय."

कुणीतरी हसलं. डायरेक्टर सर हसले नाहीत. "कुठं हाय गाणं? वाजव."

"कंप्युटर द्या, वाजवतो."

"कंप्युटरला हात लावायचा न्हाई. आत काय काय हाय ते पुसून टाकशील."

मग ऑपरेटरांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. चौकटीत उभ्या उभ्या ते तोंडाने वाजवायला लागले. समोरच्या उघड्या रजिस्टरातली ओळ लांबून वाचत, टिटिट टी, टिटिट टी, मग मधेच खाली येऊन घुं घुं, मग फस्स. पाच आवाजांचं गाणं एका तोंडाने. पळत पळत एकेकाच्या घरी जात होते बिचारे. शार्प चुकला की थांबून पुन्हा घेत होते. खोलीतले सगळे हसायला लागले. बायोलॉजीच्या सरांनी तोंडावर रुमाल धरला.

मीही हसलो. मला ती दुसरी गल्ली आहे हे कळत होतं, पाराच्या अलीकडची, आणि मी हसलो.

ते थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सरांना ठाऊक हाय. सर माझ्याशेजारी बसून वाचायचे."

डायरेक्टर सर माझ्याकडे वळले. "हाव का सर? तुम्ही बसता त्याच्यापाशी. काय हाय हे?"

तेव्हा मी खरं सांगू शकलो असतो. सगळं खरं सांगायचीसुद्धा गरज नव्हती. चोरी लपवूनही मला एवढं म्हणता आलं असतं की होय, हे संगीत आहे, मी वाचून दाखवतो. पण माझ्या डोक्यात एकच हिशेब होता. हे संगीत ठरलं, तर पेपर दुसऱ्या कुणी फोडला असा प्रश्न येईल, आणि त्या खोलीत दुसरं जाणारं कोण होतं?

मी म्हणालो, "ते काहीतरी वाजवत बसायचे रविवारी. पण हे लिहिलंय त्यातलं मला काही कळत नाही."

ऑपरेटरांनी मान खाली घालून पायांकडे बघितलं आणि वळून जिना उतरले. रजिस्टरं मागितली नाहीत. त्याच दिवशी त्यांना काढलं. पोलिसांत जायचं नाही असं ठरलं, क्लासचं नाव खराब होईल म्हणून. संगणक पुसून नव्याने भरला. रजिस्टरं पुरावा म्हणून वरच्या कपाटात ठेवली, आणि दिवाळीच्या साफसफाईत शिपायाने ती जुन्या पेपरांबरोबर रद्दीत घातली. त्या दिवशी मी क्लासमध्ये होतो. हातगाडीवर ती चढवताना बघितलं. शिपायाला म्हणायचं होतं की तेवढी राहू दे. पण का म्हणून विचारलं असतं त्याने, म्हणून म्हणालो नाही.

भाची एकदा म्हणाली, "मामा, त्या ऑपरेटरला का काढलं? त्यांनी तर काही केलं नव्हतं."

मी म्हणालो, "तू अभ्यास कर."

तिने केला. आज ती नांदेडला डॉक्टर आहे, चांगली डॉक्टर आहे. माझा स्वतःचा क्लास आहे, तोही नांदेडलाच. माझ्या पेपरात आजही दगड उंचीवरून सोडला एवढंच असतं. मुलं म्हणतात, सरांची भाषा एकदम नेमकी.

सोळा-सतरा वर्षं मी त्यांच्याकडे गेलो नाही. पत्ता मिळवणं अवघड नव्हतं. दोन वर्षांपूर्वी निलंग्याला एका लग्नाला गेलो आणि परतताना ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली.

भूकंपानंतर नव्याने वसवलेलं त्यांचं गाव. सरळ रस्ते, एकसारखी घरं, घरांना नंबर. त्यांचं घर विचारलं तर एकाने हात करून दाखवलं. सरकारने दिलेलं पक्कं घर कुलूपबंद होतं आणि त्याच्यापुढे पत्र्याची शेड. आत ते मोबाइल उघडून बसले होते. पेन्शनीचे, विम्याचे ऑनलाइन अर्जही भरून देतात, असं पाटीवर होतं. केस पूर्ण पांढरे. मला लगेच ओळखलं. "या सर," म्हणाले आणि खुर्ची पुढे सरकवली.

आम्ही पावसापाण्याचं बोललो. मग मी विचारलं, "ते गेमचं परत लिहिलंत का?"

"न्हाई. दोनदा बसलो. पयल्यांदा लिहिताना गल्ल्या आठवायच्या. आता रजिस्टरातलं लिहिलेलं आठवतं, गल्ल्या आठवत न्हाईत."

हे त्यांनी कुणाची तक्रार केल्यासारखं म्हटलं नाही. मला मात्र तिथून उठून जावंसं वाटलं. पण एवढ्यासाठीच आलो होतो, म्हणून बोललो. "मी सांगायला आलोय. ते प्रूफ मी नेलं होतं. भाचीसाठी."

ते स्क्रू फिरवत होते तो फिरवत राहिले. "ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. गठ्ठा मी मोजून ठेवायचो. चहा घेऊन आलो आन् एक संच कमी."

"मग तेव्हा केबिनमध्ये बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुम्ही बोलताल." त्यांनी स्क्रू काढून एका झाकणात ठेवला. "त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर बसलो होतो. तुमच्या नांदेडच्या गाड्या लागायच्या तिथंच. म्हणलं, येताल. पेपराचं जाऊ द्या, गाण्याचं तरी सांगताल. मग गेलो."

मी माफी मागितली. शब्द आठवत नाहीत, पुष्कळ बोललो. ते ऐकत होते, पण तोंड मोबाइलकडेच. मी थांबल्यावर म्हणाले, "मला कशाला सांगता सर? मला ठाऊकच व्हतं. ज्याला ठाऊक न्हाई त्याला सांगा."

तेवढ्यात एक बाई पेन्शनीचा कागद घेऊन आली. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं. खुर्ची एकच होती. मी उठलो.

गाडी लातुरावरूनच जाणार होती. मी डायरेक्टर सरांच्या घरी थांबलो. आता ते क्लासमध्ये जात नाहीत, मुलगा बघतो. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, व्हरांड्यात पाय लांब करून बसले होते. मला बघून खरोखर आनंद झाला त्यांना. "या या. नांदेडचे मोठे सर झालात तुम्ही." जेवूनच जायचं म्हणाले. घरात सांगून जेवण लावलं. जुन्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या, कोण कुठे आहे, कुठल्या बॅचचं कोण काय झालं. मी वाट बघत होतो, कुठून सुरुवात करावी.

त्यांनीच सुरुवात करून दिली. "आपल्याकडं तो पत्र्याखाली बसायचा तो ऑपरेटर आठवतो का? त्याच्यासारखा टायपिंगवाला पुन्हा मिळाला न्हाई बघा. पेपरात एक चूक सापडायची न्हाई. पण नियत खोटी निघाली त्याची. काय करता."

ते माझ्याकडे बघत थांबले. बोलण्याची पाळी माझी होती. त्यांच्या सुनेने भाकरी वाढली. मी ती मोडली.

"हं," मी म्हणालो.

जेवण झालं. हात धुऊन मी व्हरांड्यात आलो, चपला घातल्या. ते काठी टेकत दारापर्यंत आले आणि म्हणाले, "अन् सर, इचारायचंच राह्यलं. काही काम काढलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो, "इकडून चाललो होतो. सहज आलो."